नवख्या उमेदवाराची शिडी कोणी काढून घेतली?

चेन्नईच्या पश्चिमेला, अरक्कोणमकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेमार्गावर आवडी हे शहर आहे. २००८ च्या पुनर्रचनेत तेथे स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ निर्माण झाला आणि २०११ पासून तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. तिन्ही वेळा वेगळी व्यक्ती निवडून आली. एकाही आमदाराला येथून सलग दुसऱ्यांदा विधानसभेत जाता आलेले नाही. २०१६ मध्ये अण्णाद्रमुकचे के. पांडियराजन यांनी द्रमुकचे सा. मु. नासर यांचा अवघ्या १,३९५ मतांनी पराभव केला. पाच वर्षांनी त्याच दोघांत पुन्हा लढत झाली, तेव्हा मंत्रिपदावर असलेले पांडियराजन ५५,२७५ मतांनी पराभूत झाले. विद्यमान आमदाराला आव्हान देऊ पाहणाऱ्या नव्या माणसासाठी यापेक्षा अनुकूल भूमी शोधून सापडणार नाही, असे हे आकडे पाहून कोणालाही वाटेल.

वस्तुस्थिती तशी नाही. आवडीत आमदार बदलत राहिले, पण बदल घडवणारा माणूस कधीही राजकारणात नवखा नव्हता. २०११ मध्ये अण्णाद्रमुकतर्फे निवडून आलेले अब्दुल रहीम मंत्रीही झाले होते. २०१६ मध्ये मात्र पक्षाने आवडीची उमेदवारी पांडियराजन यांना दिली. म्हणजे विद्यमान आमदार मतदारांसमोर जाण्यापूर्वीच बाजूला झाला, आणि तो निर्णय पक्षाच्या मुख्यालयात झाला. पांडियराजन हे मनुष्यबळ पुरवठ्याच्या व्यवसायात नाव कमावलेले उद्योजक. आवडीला ते नवे असले, तरी राजकारणाला नव्हते. २०११ मध्ये विजयकांत यांच्या देसिय मुरपोक्कु द्रविड कळघम (डीएमडीके) या पक्षातर्फे ते विरुदुनगरमधून आमदार झाले होते. २०२१ मध्ये त्यांना हरवणारे नासर हे तर द्रमुकच्या जिल्हा संघटनेत मुरलेले कार्यकर्ते. निवडून आल्यावर ते दुग्धविकास मंत्री झाले, मे २०२३ मध्ये मंत्रिमंडळातून वगळले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अल्पसंख्याक कल्याण मंत्री म्हणून परतले. या चढउतारांपैकी एकातही मतदाराचा हात नव्हता.

तेव्हा आवडीच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष थोडा वेगळा आहे. तेथे आमदाराची खुर्ची अस्थिर आहे. दोन प्रमुख पक्षांची मक्तेदारी मात्र स्थिर आहे. तमिळनाडूची विधानसभा निवडणूक उंबरठ्यावर असताना आणि नवे पक्ष, नवे चेहरे यांची चर्चा रंगात आलेली असताना एक प्रश्न विचारणे आवश्यक वाटते. ज्याच्या पाठीशी जुना पक्ष नाही, पैसा नाही आणि पडद्यावरची कीर्तीही नाही, अशा सामान्य नागरिकाने विद्यमान आमदाराला आव्हान द्यायचे ठरवले, तर त्याने सुरुवात कोठून करावी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. दुर्दैवाने तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रगत राज्यांनी गेल्या दशकात ते उत्तर बराच काळ कुलूपबंद करून ठेवले.

मतदारसंघाचे स्वरूप

आवडीची राष्ट्रीय ओळख जुनी आहे. जानेवारी १९५५ मध्ये उ. न. ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि ‘समाजवादी पद्धतीची समाजरचना’ हे ध्येय पक्षाने येथेच स्वीकारले. त्या वेळी कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे १९६० च्या दशकात येथे अवजड वाहनांचा कारखाना उभा राहिला आणि ‘विजयंता’ हा रणगाडा तेथून बाहेर पडू लागला. लढाऊ वाहनांची संशोधन संस्था, लष्करी गणवेशांचा कारखाना, हवाई दलाचा तळ, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र अशा आस्थापनांमुळे आवडी हे संरक्षण खात्याचे शहर बनले. गावाचे नाव इंग्रजीतील ‘चिलखती वाहने आणि आगार’ या अर्थाच्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले, असे अनेक जण आजही सांगतात. काँग्रेसचे अधिवेशन कारखान्याच्या आधी झाले आणि तेव्हाही गावाचे नाव आवडीच होते, एवढी एक गोष्ट ती व्युत्पत्ती खोडून काढायला पुरेशी आहे.

आज या शहराचा चेहरा बदलला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले आणि रणगाडे बनवणाऱ्या नव्या कंपनीचे मुख्यालय आवडीतच आले. सरकारी वसाहतींच्या भोवती खासगी इमारतींची दाट वस्ती वाढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पट्टाभिराम येथे टायडेल पार्क हे माहिती तंत्रज्ञान संकुल सुरू झाले. कोयंबेडूहून पट्टाभिरामपर्यंत मेट्रो नेण्याचा प्रस्ताव पुढे सरकला आहे. मतदारांची संख्या चार लाखांहून अधिक आहे. त्यांत पिढ्यानपिढ्या येथे राहणारे, कारखान्याच्या नोकरीमुळे येथे स्थायिक झालेले आणि चेन्नईतील घरे परवडत नाहीत म्हणून सरकत सरकत येथे आलेले असे सर्व आहेत. त्यांच्या तक्रारी मात्र समान आहेत: तुंबणारे पावसाचे पाणी, भूमिगत गटारे, तलावांवरील अतिक्रमणे, फाटकापाशी खोळंबणारी वाहतूक, पिण्याचे पाणी.

यांतील एकही विषय मुळात आमदाराच्या अखत्यारीतील नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आमदाराचे काम कायदे करणे, अर्थसंकल्प तपासणे आणि मंत्र्यांना जाब विचारणे. स्थानिक विकासासाठी तमिळनाडूत आमदाराला वर्षाला तीन कोटी रुपये मिळतात. चार लाख मतदारांच्या शहरासाठी ही रक्कम दरडोई शंभर रुपयेसुद्धा नाही. गटार आणि रस्ता हे नगरपालिकेचे काम. तरीही मतदार आमदाराकडेच जातो. तो असे का करतो, हे पुढे पाहू.

नवख्याचे गणित

कायद्याच्या दृष्टीने निवडणूक लढवणे अवघड नाही. वय पंचवीस वर्षे पूर्ण हवे, त्या राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे आणि दहा हजार रुपये अनामत हवी; अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना पाच हजार. पण येथूनच विषमता सुरू होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो, इतरांना दहा लागतात. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर अनामत जप्त होते. जुन्या पक्षाचे चिन्ह आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना पाठ असते. अपक्षाला चिन्ह मिळते ते मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना. नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाला समान चिन्ह मिळू शकते, मात्र तेही दर वेळी नव्याने मागावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सीमान यांच्या नाम तमिळर कच्चीला आपले ऊसवाल्या शेतकऱ्याचे चिन्ह गमवावे लागले, कारण दुसऱ्या राज्यातील एका लहान पक्षाने आधी अर्ज केला होता.

खर्चाचे तसेच. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. त्यामुळे ज्याच्यामागे मोठा पक्ष आहे, त्याची मर्यादा कागदावरच राहते.

सर्वांत कठीण भाग मतदान केंद्रांचा. निवडणूक आयोगाने आता एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवण्याचे धोरण स्वीकारले आहे. चार लाख मतदार धरले, तरी किमान ३३४ केंद्रे होतात. प्रत्येक ठिकाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारा, मतदारांना तोंडाने ओळखणारा, मतदानापूर्वीची यंत्रांची चाचणी समजणारा एक प्रतिनिधी हवा. म्हणजे पर्यायी माणसे धरून सातशे विश्वासू कार्यकर्ते. मतदार यादीच्या कामात तर आणखी अडचण आहे. यादी पडताळणीसाठी केंद्रस्तरीय प्रतिनिधी नेमण्याची मुभा मान्यताप्राप्त पक्षांनाच असते. डिसेंबर २०२५ मध्ये तमिळनाडूच्या विशेष सखोल पुनरीक्षणाची प्रारूप यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ९७ लाख नावे कमी झालेली आढळली. यादीतील या उलथापालथीवर घरोघरी लक्ष ठेवण्याची अधिकृत व्यवस्था जुन्या पक्षांकडे होती. नव्यांनी नागरिक म्हणून अर्ज करावेत, एवढेच त्यांच्या हाती होते.

हे सातशे कार्यकर्ते कोठून येतात? भाषणाने येत नाहीत, समाजमाध्यमांनी येत नाहीत. ते येतात वर्षानुवर्षे केलेल्या लहान कामांतून: रेशनकार्ड, नळजोडणी, शाळाप्रवेश, दाखला. आणि अशी कामे करण्याचे, ती करताना कायदा व कारभार शिकण्याचे लोकशाहीतील स्वाभाविक ठिकाण म्हणजे नगरपालिका आणि ग्रामपंचायत.

इतिहासाची साक्ष

स्वातंत्र्यपूर्व काळातील नेत्यांनी हे ओळखले होते. राजगोपालाचारी १९१७ मध्ये सेलम नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९२० च्या दशकात नेहरू अलाहाबादच्या आणि वल्लभभाई अहमदाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. कामराजांचे गुरू सत्यमूर्ती हे १९३९ मध्ये मद्रासचे महापौर होते आणि शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी पूंडी जलाशयाचा पाठपुरावा त्यांनी केला. देशाच्या स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या या माणसांना नळाच्या पाण्याची फाइल वाचणे कमीपणाचे वाटले नाही.

द्रमुकचा उदय हाही याच शिडीचा इतिहास आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने १९५७ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक लढवली आणि पंधरा जागा मिळवल्या. १९५९ मध्ये मद्रास महानगरपालिकेत तो सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि त्याचा महापौर झाला. १९६२ मध्ये विधानसभेत त्याच्या पन्नास जागा आल्या. त्या निवडणुकीत खुद्द अण्णादुराई कांचीपुरममध्ये पराभूत झाले, तरी संघटना डगमगली नाही. १९६७ मध्ये सत्ता आली. त्या वर्षी विरुदुनगरमध्ये पे. सीनिवासन या अठ्ठावीस वर्षांच्या विद्यार्थी नेत्याने कामराजांसारख्या महापुरुषाला १,२८५ मतांनी हरवले आणि मुख्यमंत्री भक्तवत्सलम श्रीपेरुंबुदुरमध्ये पडले. नवख्या उमेदवाराने दिग्गजाला लोळवल्याची ही कथा आजही सांगितली जाते. हिंदीविरोधी आंदोलनाची आणि धान्यटंचाईची त्या वेळची धग तिच्यामागे होती, हे खरेच. पण त्या धगीचे मतांत रूपांतर करणारी अठरा वर्षांची संघटना आणि नगरपालिकांत घडलेले कार्यकर्ते हेही तिच्यामागे होते. नवखा होता तो उमेदवार. त्याच्यामागचे हात सरावलेले होते.

महाराष्ट्राच्या वाचकाला दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. शिवसेनेची स्थापना १९६६ ची. १९६७ मध्ये तिने ठाणे नगरपालिका जिंकली, १९६८ मध्ये मुंबई महापालिकेत ४२ जागा मिळवल्या आणि त्यानंतर, १९७० च्या परळ पोटनिवडणुकीत, वामनराव महाडिक यांच्या रूपाने तिचा पहिला आमदार विधानसभेत गेला. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी नगरसेवक, मग आमदार. पक्ष कोणताही असो, वाट तीच. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते. देवेंद्र फडणवीस नागपूरचे नगरसेवक आणि नंतर महापौर होते. एकनाथ शिंदे ठाण्याचे नगरसेवक होते. १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदांनी महाराष्ट्राला निदान दोन पिढ्यांचे नेतृत्व पुरवले.

शिडी काढून घेतली ती अशी

आता आवडीकडे परत येऊ. तमिळनाडूतील नागरी संस्थांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली. निवडणूक जाहीरही झाली होती, परंतु अनुसूचित जमातींच्या आरक्षणाच्या मुद्द्यावर मद्रास उच्च न्यायालयाने त्या अधिसूचना रद्द ठरवल्या. त्यानंतर प्रभागरचना, याचिका, मुदतवाढ, महासाथ असे करत करत नागरी निवडणुका झाल्या त्या थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ राज्यातील एकाही शहरात लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. ज्या पांडियराजन यांना १,३९५ मतांनी विजय मिळाला, त्यांची आमदारकीची जवळजवळ सर्व कारकीर्द या पोकळीत गेली. दरम्यान, २०१९ मध्ये आवडी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. लोकांनी निवडलेला एकही सदस्य नसताना एका शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला, करांचे दर आणि विकासाचे आराखडे ठरू लागले. अठ्ठेचाळीस प्रभागांचे हे सभागृह प्रथम भरले ते त्यानंतर अडीच वर्षांनी.

प्रशासकाची राजवट म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत मी जवळून पाहिले आहे. आयुक्त प्रस्ताव तयार करतो. सभागृहाचे अधिकारही प्रशासक म्हणून त्याच्याचकडे असतात. सकाळी आयुक्त म्हणून सही करायची आणि दुपारी त्याच फाइलवर सभागृह म्हणून मंजुरी द्यायची. अधिकारी प्रामाणिक असला, तरी त्याला प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. आणि तो राज्य शासनाचा नोकर असल्यामुळे त्याचे कान मतदारापेक्षा मंत्रालयाकडे असतात. त्यात त्याचा दोष नाही. रचनाच तशी आहे.

नागरिकाच्या बाजूने पाहिले, तर या काळात गटाराची तक्रार घेऊन जाण्यासाठी एकच लोकप्रतिनिधी उरतो, तो म्हणजे आमदार. मतदार आमदाराकडे नळ आणि रस्ता मागतो, त्याचे हे मोठे कारण आहे. दिसायला हे आमदाराच्या पथ्यावर पडते: प्रत्येक दाखला, प्रत्येक खड्डा त्याच्या कार्यालयातून जातो. पण रोष आला, की तोही सगळा त्याच्याच माथी फुटतो. आवडीतील ५५ हजारांच्या पराभवाला राज्यभरातील द्रमुकची लाट मुख्यतः कारणीभूत होती, यात शंका नाही. तथापि ज्या शहरात महासाथीच्या संकटकाळात एकही नगरसेवक नव्हता, तेथे सगळा हिशेब एकाच माणसाच्या नावावर मांडला जाणे स्वाभाविक होते.

मात्र या रोषाचा लाभ नवख्याला झाला नाही. तो दुसऱ्या मोठ्या पक्षाला झाला. कारण त्या पाच वर्षांत ज्या तरुण मुलामुलींनी प्रभागाची निवडणूक लढवली असती, काही जिंकले असते, बरेच हरले असते आणि सर्वांनीच काही ना काही शिकले असते, त्यांना ती संधीच मिळाली नव्हती. पंचवीस वर्षांची एखादी मुलगी २०१६ मध्ये उमेदवारीच्या तयारीत असेल, तर पहिली संधी येईपर्यंत तिने तिशी ओलांडली होती. स्त्रियांचे नुकसान तर दुहेरी. तमिळनाडूत स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. विधानसभेत २०२१ मध्ये २३४ पैकी केवळ १२ स्त्रिया निवडून आल्या. विधानसभेतील महिला आरक्षणाचा २०२३ चा कायदा जनगणना आणि पुनर्रचनेची वाट पाहत आहे. तोवर स्त्रियांसाठी जो एकमेव रुंद दरवाजा आहे, तोच सर्वांत आधी बंद होतो.

उरलेल्या तीन वाटा

प्रभागाची शिडी नाहीशी झाली, की वर जाण्याच्या तीनच वाटा उरतात: घराणे, पैसा आणि प्रसिद्धी. तमिळनाडूत प्रसिद्धी म्हणजे प्रामुख्याने सिनेमा. एम. जी. रामचंद्रन यांचे उदाहरण सगळे देतात. परंतु १९७२ मध्ये वेगळा पक्ष काढण्यापूर्वी ते द्रमुकचे आमदार आणि खजिनदार होते, शाखाशाखांत त्यांचे रसिक मंडळ होते, हे विसरले जाते. ज्यांनी ती पूर्वतयारी नसताना झेप घेतली, त्यांचा अनुभव वेगळा आहे. विजयकांत यांनी २००६ मध्ये एकट्याने आठ टक्क्यांहून अधिक मते मिळवली. निवडून मात्र ते एकटेच आले. २०११ मध्ये अण्णाद्रमुकशी युती करून त्यांचे २९ आमदार झाले, आणि २०१६ मध्ये पक्षाला एकही जागा मिळाली नाही. कमल हासन यांनी २०१८ मध्ये पक्ष काढला. २०२१ मध्ये कोईमतूर दक्षिणमध्ये ते १,७२८ मतांनी हरले. २०२५ मध्ये द्रमुकच्या पाठिंब्याने ते राज्यसभेत गेले. प्रस्थापितांना आव्हान देण्यासाठी निघालेला पक्ष सात वर्षांत प्रस्थापितांच्या मांडवात येऊन बसला.

आता अभिनेते विजय यांचा तमिळग वेट्री कळघम हा पक्ष रिंगणात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची घोषणा झाली. त्याच्या सभांना लोटणारी गर्दी खरी आहे. पण गर्दी आणि संघटना यांतील अंतर किती जीवघेणे असू शकते, ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी करूरमध्ये दिसले. त्या चेंगराचेंगरीत ४१ माणसे मेली. दोष पक्षाचा किती, पोलिसांचा किती, हे तपास यंत्रणा आणि न्यायालये ठरवतील. पण लोकांना बोलावणे आणि त्यांची जबाबदारी घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे कोणत्याही नव्या पक्षाने त्या दिवशी शिकायला हवे.

याच पक्षाच्या पूर्वेतिहासातील एक बाब मात्र फारशी चर्चिली जात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये नऊ जिल्ह्यांत ग्रामीण स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा विजय यांच्या चाहत्यांच्या संघटनेचे कार्यकर्ते उभे राहिले आणि शंभराहून अधिक जागा जिंकल्याचे संघटनेने सांगितले. जागा लहान होत्या, बहुतेक प्रभाग सदस्यांच्या. परंतु पडद्यावरच्या नायकाच्या चाहत्यांतून गावचा कारभार पाहणारी माणसे तयार होऊ शकतात, हे तेथे दिसले. ती प्रक्रिया पुढे गेली असती, तर राज्याचे हित झाले असते. पण उर्वरित २७ जिल्ह्यांतील ग्रामीण संस्थांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि तेथे विशेष अधिकारी नेमले गेले. शिडी पुन्हा काढून घेतली गेली. या खेपेस सत्तेवर दुसरा पक्ष होता, पद्धत तीच.

महाराष्ट्राने हसू नये

हे वाचून मराठी वाचकाने ‘ते तमिळनाडूचे झाले’ असे म्हणून पान उलटू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली; औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई यांसारख्या शहरांची २०२० मध्येच. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेतील बदल, न्यायालयीन तारखा अशा वाटेने जात अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशानंतर हालचाल झाली आणि २९ महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडले. दरम्यान २०२४ ची लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका वेळेवर झाल्या. एकाच राज्यात एक मतपेटी घड्याळाप्रमाणे चालते आणि दुसरी वर्षानुवर्षे उघडतच नाही, याला तांत्रिक अडचण म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्रातही नवखे जिंकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये संगमनेरमध्ये अमोल खताळ यांनी १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेल्या बाळासाहेब थोरातांचा १०,५६० मतांनी पराभव केला. लोकशाहीत कोणतीही खुर्ची कायमची नसते, हे त्यातून दिसले आणि ते चांगलेच झाले. पण खताळ हे सत्ताधारी महायुतीचे उमेदवार होते. नवा चेहरा आणि प्रस्थापित पक्षाचे चिन्ह, हे यशाचे सूत्र आवडीत आणि संगमनेरात सारखेच आहे. चेहरा बदलण्याची मुभा आहे. चिन्ह देणाऱ्याच्या मर्जीबाहेर जाण्याची नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो निराधार नाही. स्थानिक निवडणुका वेळेवर झाल्या, तरी त्या जिंकतात सत्ताधारी पक्षच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तमिळनाडूत द्रमुक आघाडीने जवळजवळ सर्व शहरे जिंकली, आवडी महानगरपालिकाही त्यात आली. मग नवख्याला काय मिळाले? उत्तर असे, की प्रभागाच्या निवडणुकीचे मोल केवळ विजयात नसते. काही हजार मतदारांच्या प्रभागात स्वतःच्या पायांनी प्रचार करता येतो. तेथे पैशाचा आणि लाटेचा जोर असला, तरी ओळखीचाही असतो. हरलेला उमेदवार पाच वर्षे त्याच गल्लीत राहतो आणि जिंकलेल्याला प्रश्न विचारतो. शिवाय मोठ्या पक्षांच्या आतही हीच शिडी नव्या माणसांना वर आणते. त्याच निवडणुकीत पहिल्यांदाच नगरसेविका झालेल्या आर. प्रिया या विशीतील दलित तरुणी चेन्नईच्या महापौर झाल्या. आरक्षण आणि वेळेवर (खरे तर उशिरा) झालेली निवडणूक नसती, तर हे घडले नसते.

करायचे काय?

नवा कायदा लागत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ यू सांगतो, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, ‘त्याहून अधिक नाही’. नवी निवडणूक ती संपण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंग तोमर प्रकरणात २००६ मध्ये आणि सुरेश महाजन प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. पळवाट आहे ती प्रभागरचना आणि आरक्षणनिश्चिती यांच्या वेळापत्रकात. ही दोन्ही कामे राज्य शासनाच्या हाती असल्यामुळे ती लांबवली, की निवडणूक आपोआप लांबते. ती राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवावीत, मुदत संपण्यापूर्वी निदान एक वर्ष ती पूर्ण व्हावीत, आणि तसे न झाल्यास जुन्याच रचनेवर निवडणूक घ्यावी. एवढी तरतूद राज्यांनी आपल्या अधिनियमांत केली, तरी प्रशासकाची गरज अपवादापुरती उरेल.

आवडी महानगरपालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत २०२७ च्या आरंभी संपते. म्हणजे या वेळी तेथून जो कोणी विधानसभेत जाईल, त्याच्या पहिल्या वर्षातच ही परीक्षा येईल. आवडीच्या मतदाराने प्रत्येक उमेदवाराला, जुन्याला आणि नव्याला, मेट्रो कधी येणार हे जरूर विचारावे. त्याबरोबर हेही विचारावे, की पुढच्या वर्षी आमच्या प्रभागांची निवडणूक वेळेवर व्हावी यासाठी तुम्ही सभागृहात आवाज उठवाल काय? विद्यमान आमदाराला हा प्रश्न अडचणीचा वाटेल, कारण प्रभागातून वर येणारा कार्यकर्ता हाच उद्या त्याच्यासमोर उभा राहणार असतो. नवख्या उमेदवारानेही या प्रश्नाला बगल दिली, तर त्याला आवडीच्या राजकारणाची रीत बदलायची नसून केवळ आमदाराची जागा हवी आहे, एवढे मतदाराने ओळखावे.